हावोदच्या वर कोणी नाही

१

आमच्या डोंगराला कुंपण नाही, हे मी कोणालाही छाती पुढे काढून सांगते. खाली दरीत प्रत्येकाच्या शेताला दगडी गडगे आहेत, पण शेवटचा गडगा ओलांडून वर निघालात की गार्नच्या शिखरापर्यंत आणि तिथून पुढे अख्ख्या धारेवर एक तार सापडायची नाही. तरी हावोदची, म्हणजे आमच्या शेताची, मेंढी हावोदच्याच तुकड्यावर चरते. कोकरू आईच्या पायामागून फिरतं, पाणी कुठलं, आडोसा कुठला, आपलं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे शिकतं, आणि मोठं झालं की आपल्या कोकराला शिकवतं. बाजारात मेंढी मिळेल हो, पण तिची ही ओळख मिळायची नाही. म्हणून शेत विकलं तरी कळप डोंगराबरोबरच राहतो. माझ्या कळपाची ओळख किती पिढ्यांची हे मला विचारू नका. मी सांगायला लागले की चूल विझते तरी थांबत नाही, असं माझा नवरा तेगिद म्हणायचा.

उन्हाळ्यात लोकर कातरायला आणि शरदात कोकरं विकायला ही मेंढरं खाली आणावी लागतात. याला आम्ही डोंगर झाडणं म्हणतो. ते एकट्या घराचं काम नाही. दरीतली सगळी शेतं येतात आणि खालच्या गडग्यापासून वरच्या धारेपर्यंत उतारावर माणसांची रांग लागते, एकेकजण हाकेच्या अंतरावर. मग रांग डोंगराच्या कुशीकुशीने पुढे सरकते आणि मेंढरं केर लोटावा तशी वाडग्याकडे जातात. कुणी कुठे उभं राहायचं हे आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून ठरलेलं आहे. खाली गडग्याशी म्हातारा गोरोन्वी. वर माझ्या लगेच खाली एल्वेद, जो शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा आणि अजून गणितात कच्चा आहे. आणि सगळ्यांच्या वर, धारेवर, हावोद. म्हणजे मी, मेनिर. माझ्याआधी माझा बाप, त्याच्याआधी त्याची आई. तेगिद लग्न करून आमच्या घरात आला तो मुकाट्याने खालच्या रांगेत चालला. धार काही लग्नात मिळत नाही.

धुक्यात माणसाला माणूस दिसत नाही, म्हणून हाक. गोरोन्वी पहिली हाक देतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, अशी ती चढत येते. वरच्याने हाक दिली की खालच्याने त्याला ओ द्यायची, म्हणजे दोघांनाही कळतं की दुसरा उभा आहे. ओ आली नाही तर माणूस पडला असं धरायचं. रांग थांबते आणि सगळे शोधायला निघतात. या नियमाला आमच्याकडे चॅपेलमधल्या प्रार्थनेपेक्षा जास्त मान आहे. शेवटची हाक माझी. एल्वेद तिला ओ देतो, आणि मग सगळीकडे शांत होतं. ती शांतता म्हणजे सगळे हजर, निघा.

धारेच्या अलीकडे आमचा गवताचा उतार आहे आणि पलीकडे कडा. तिकडे पाय ठेवायला जागा नाही. म्हणून मला आयुष्यात कधी कोणाला ओ द्यावी लागली नव्हती. याचा मला गर्व होता, आणि मी तो लपवला नाही.

२

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळी निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, पण धारेवर पोचेपर्यंत धुकं बसलं. आमच्याकडे धुकं येतं ते पावसाचंच धाकटं भावंड. कोट, भुवया, कुत्रा, सगळं भिजवून टाकतं. मला वाईट वाटलं, कारण ओली मेंढी कातरता येत नाही. ओली लोकर गुंडाळून ठेवली तर कुजते. म्हणजे आजचा दिवस वाया, कातरणारे घरी बसून माझा चहा पिणार.

हाक चढत आली. एल्वेदने दिली, मी ओ दिली नाही, कारण तो माझ्या खाली. मी माझी हाक दिली. एल्वेदची ओ आली. मग शांत झालं.

आणि मग माझ्या वरून हाक आली.

वरून म्हणजे पलीकडून. कड्याच्या बाजूने, माझ्याच पातळीवरून, जिथे एल्वेद माझ्यापासून असतो तितक्याच अंतरावरून. ओरडणं नव्हतं, घाबरणं नव्हतं. रोजच्या कामावरच्या माणसाची हाक होती, जरा कंटाळलेली, लवकर आटपा म्हणणारी. आणि मी ओ दिली. विचार करायला वेळच नव्हता. हाक आली की ओ जाते, शिंक आली की तोंडावर हात जातो तशी.

त्यानंतर शांत झालं आणि रांग निघाली. मी चालत राहिले आणि डोक्यात उत्तरं शोधत राहिले. प्रतिध्वनी म्हणावा तर तो माझ्या आवाजात यायला हवा होता. इंग्रज फिरस्ते धारेवर येतात, रंगीबेरंगी कोट घालून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन. त्यातला एखादा नक्कल करत असेल. पण फिरस्ता धारेवर असतो, धारेच्या पलीकडे नसतो. तेगिदचा आवाज होता का, असं मला नंतर एका बाईने डोळे मोठे करून विचारलं. नव्हता. तेगिदचा आवाज गंजलेल्या फाटकासारखा होता, तो मी ओळखला असता आणि त्याला तिथल्या तिथे झापलंही असतं, की मेल्यावर धार मागतोस होय रे.

मेंढरं मात्र अशी उतरली की बघत राहावं. एरवी दोन-चार हटवादी म्हाताऱ्या शिखराजवळच्या खडकांत दडून बसतात आणि मॉट, माझा कुत्रा, त्यांच्यामागे धावून जीभ लोंबवत येतो. त्या दिवशी मॉट माझ्या पायांना चिकटून चालला, तरी एकही मेंढी मागे राहिली नाही. कुणीतरी पलीकडची बाजू राखत असल्यासारखी सगळी खडकांतून आपण होऊन निघाली.

वाडग्यात एल्वेदने पहिली मेंढी पायांत धरली, लोकरीत बोटं घातली आणि तिथेच थांबला.

"मेनिर, ही कुठून आणलीस गं? बेकरीतून?"

"का?"

"अगं, सुकी आहे. हात घालून बघ. ऊबदार आहे."

मी हात घातला. बाकीच्यांच्या मेंढरांतून पाणी निथळत होतं. धारेवरून आलेली माझी मेंढरं कोरडी ठणठणीत होती, उन्हात वाळत घातलेल्या घोंगडीसारखी.

३

त्या दिवशी फक्त हावोदची लोकर कातरली गेली. जेवायला सगळे माझ्या स्वयंपाकघरात होते. थंड मटण, बटाटे, आणि चहात भिजवलेल्या मनुकांचा आमचा गोड पाव, बारा ब्रिथ, ज्याच्यावर मी लोणी इतकं जाड लावते की दातांचे ठसे उमटतात. माझी मुलगी नेस्त सगळ्यांना चहा ओतत होती. कार्डिफमधली खुर्चीवरची नोकरी सोडून ती स्वतःहून घरी आली होती, आणि पहिल्याच वर्षी मॉटला घेऊन जत्रेतल्या कुत्र्यांच्या शर्यतीत पहिली आली होती. मी तिच्याबद्दल कमी बोलते. दृष्ट लागू नये म्हणून.

"इतका स्वच्छ डोंगर मी माझ्या हयातीत झाडलेला पाहिला नाही," गोरोन्वी म्हणाला. "मेनिर, तुझा बापसुद्धा असा झाडत नव्हता."

"बाप म्हातारपणी झाडायचा. मी तरुण आहे."

सगळे हसले. एल्वेद हसला नाही. त्याने कप खाली ठेवला.

"तुझ्या वर कोण होतं?"

"माझ्या वर कोणी नसतं."

"मी हाक ऐकली. आणि तू ओ दिलीस तीही ऐकली."

"एल्वेद, कानात बोळे घालून कातरतोस आणि हाका ऐकतोस? बारा ब्रिथ खा आणि गप्प बस."

त्याने कप परत उचलला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. लोकांनी केलेलं कौतुक मी तसंच घेतलं, माझंच असल्यासारखं, आणि खरं सांगायचं तर ते मला गोड लागलं. कुणी असेलच तिकडे, तर ते हावोदसाठी राबत होतं, असं मी मनाशी म्हटलं. बाकीच्यांच्या वर थोडंच कोणी होतं?

४

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गार्न पूर्ण दिसतो. शेगडी खिडकीखाली आहे, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य एक हात पातेल्यात आणि डोळे डोंगरावर असं गेलं. संध्याकाळी आया कोकरांना हाका मारतात, कोकरं उत्तर देतात, आणि तो कालवा घरात इतका मुरलेला असतो की भिंतीवरच्या घड्याळासारखा तो ऐकूच येत नाही. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मला घड्याळ ऐकू आलं. टिक टिक. म्हणून मी वर पाहिलं.

माझी मेंढरं धारेवर एका ओळीत उभी होती. चरत नव्हती. सगळ्यांची तोंडं पलीकडे, कड्याकडे. आयांच्या शेजारी कोकरं, तीही तशीच. वाडग्यात कोंडल्यावर फाटक उघडायची वाट बघतात, तशी.

"वाऱ्याकडे पाठ करून उभी आहेत," मी मोठ्याने म्हणाले. शेगडीतला धूर सरळ वर चालला होता, वारा नव्हताच.

मग रोज तेच. मी गोरोन्वीला सांगितलं नाही. कळपाने आपली जागा सोडली असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आया कोकरांना काय शिकवत होत्या ते मला दिसत होतं, आणि पुढच्या वर्षी ती कोकरं आपल्या कोकरांना शिकवणार होती. हावोदचा कळप म्हणजे हावोद. तो गेला तर उरतं काय, चार भिंती आणि एक चिडकी म्हातारी.

एका उन्हाच्या दिवशी मी वर गेले. मॉट शेवटच्या गडग्याशी बसला आणि हलेना, तेव्हा एकटीच गेले. शिखराच्या अंगाला गवतात एक नवी पायवाट पडली होती, मेंढरांच्या खुरांनी पडते तशी, वीतभर रुंद. ती धारेवरून काटकोनात वळत होती आणि कड्याकडे जात होती. मी तिच्या कडेने गेले. शेवटच्या दगडापर्यंत माती तुडवलेली, लेंड्या ताज्या. मेंढरं तिथपर्यंत येऊन परत फिरत असती तर टोकाला माती गोल तुडवली गेली असती. तशी ती नव्हती. वाट जशी आली होती तशीच सरळ निघून गेली होती, फक्त तिच्याखाली डोंगर नव्हता.

मी पालथी पडून खाली पाहिलं. तेगिदची दुर्बीण आणली होती. खाली मुरूम, मग दरी, मग छोटंसं तळं. मेलेली मेंढी नाही, कावळे नाहीत. कळपात मेंढी कमी नव्हती, हे मला माहीत होतंच. ती जात होती आणि परत येत होती. मी उठले, गुडघ्याला लागलेली माती झटकली, आणि तो गुडघा त्या दिवसापासून जो दुखायला लागला तो लागलाच.

घरी आले तर नेस्त मोरीपाशी भांडी घासत होती. हातात ताटली, पाणी वाहतंय, आणि मान एका बाजूला कललेली. तिने तोंड उघडलं. ओ द्यायला उघडतात तसं. मला काही ऐकू आलं नव्हतं. मी हातातली दुर्बीण फरशीवर टाकली, मुद्दाम.

"आई! बाबांची होती ना ती!"

"निसटली. काय ऐकत होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि नळ बंद केला. "मला वाटलं, कोणीतरी आपल्यासाठी थांबलंय."

५

ऑक्टोबरमध्ये कोकरं उतरवायची वेळ आली. गुडघ्यामुळे मला गडगा ओलांडणंसुद्धा जड जात होतं. गोरोन्वी मुद्दाम घरी आला, टोपी हातात घेऊन बसला, आणि बरीच वळणं घेत मुद्द्यावर आला.

"या खेपेला धार राहू दे, मेनिर. एल्वेद जरा वरून चालेल. तेवढ्याने भागेल."

"आणि पुढच्या खेपेला?"

"पुढचं पुढे बघू."

पुढचं पुढे बघायचं म्हणजे काय, हे आम्हा दोघांना माहीत होतं. रांगेत एकदा जागा सोडली की ती ज्याने चालवली त्याची होते. लिहिलेलं कुठे नाही, पण कोर्टाच्या निकालापेक्षा पक्कं.

"गोरोन्वीकाका, धार मी चालवते," नेस्त दारातून म्हणाली.

गोरोन्वीने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर संपलं असतं. वरची पायवाट मी पाहिली होती, त्याने नाही. भीती मला वाटत होती. पण माझी पोर तिथे उभी होती, बाह्या वर केलेल्या, हनुवटी अगदी माझ्या आजीची, आणि ती मागत होती ते तिचंच होतं.

"ऐकलंस ना?" मी म्हणाले. "हावोद चालवेल. आणि एल्वेदला म्हणावं, तू एक जागा खाली सरक. तुझ्या जागी मी उभी राहते, गुडघा घेऊन."

तो गेल्यावर मी नेस्तला शेगडीजवळ बसवलं.

"वरून हाक आली, तर ओ देऊ नकोस."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

"ओ न देता कशी राहू, आई? तूच शिकवलंस. हाक मारणाऱ्याला वाटेल मी पडले."

"वाटू दे."

"मग तो शोधायला येईल."

मी शेगडीत एक लाकूड सरकवलं. वर कुठेतरी मेंढरं गप्प उभी होती.

६

त्या दिवशी धुकं खालून आलं, दरी भरत भरत. मी काठीवर भार देऊन एल्वेदच्या जागी उभी होते. गोरोन्वीची हाक निघाली आणि चढत आली. एल्वेदने दिली, मी त्याच्या वरून दिली, आणि मग माझ्या वरून नेस्तने दिली. स्वच्छ, खणखणीत, मुळीच थरथर नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या घराच्या हाकेला ओ दिली, आणि मला रडू आलं, इतकं छान वाटलं.

मग शांत झालं. मी म्हटलं, देवा, असंच राहू दे.

पलीकडून हाक आली.

नेस्तने ओ दिली नाही. माझं ऐकलं पोरीने. मी काठी घट्ट धरून उभी राहिले. पुन्हा हाक आली. या वेळी तिच्यात काळजी होती. तेच मला सोसेना. रागावलेली असती, भेसूर असती, तर मी धोंडा उचलला असता. आपलं माणूस पडलंय की काय, अशी ती हाक होती.

"ओ का देत नाही?" खालून एल्वेद ओरडला. "मेनिर! वरचा माणूस हाक मारतोय! कोण पडलंय?"

"कोणी पडलेलं नाही!"

"मग ओ द्या!"

खालून एकेकाचे आवाज यायला लागले. ओ आली नाही म्हणून रांग थांबली होती, आणि सगळी चांगली माणसं नियमाप्रमाणे वर यायला निघाली होती. मी त्यांच्या आधी निघाले. हाताने, कोपराने, दुखऱ्या पायाने, गवताला धरून मी चढले. तिसरी हाक आली ती अगदी जवळून. कोणी धारेकडे येत होतं, शोधायला.

धुकं जरासं विरळ झालं. तेवढ्यात मी जे पाहिलं ते सांगते, त्याहून जास्त माझ्याकडे नाही. नेस्त धारेवर होती, शेवटच्या दगडाशी. तिच्या पलीकडे, जिथे डोंगर संपतो तिथे, तिच्याच पातळीवर एक माणूस उभा होता. बाई की बाप्या, कळलं नाही. हातात काठी होती. आम्ही उभे राहतो तसाच उभा होता, पुढे तोंड करून, आणि फक्त मान आमच्याकडे वळवलेली. त्याच्या पलीकडे, तितक्याच अंतरावर, आणखी एक. आणि त्याच्या पलीकडे धुक्यात काहीतरी उभं होतं जे तिसरं असावं. पायाखाली काही नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. तिकडच्या त्या पोकळीत ते पुढे काय हाकत होते ते मला दिसलं नाही. ऐकू मात्र आलं. मेंढरं नव्हती.

"नेस्त," मी म्हणाले. "मागे ये. धार सोड. एल्वेदला देऊ."

हे शब्द माझ्या तोंडून गेले. मी, मेनिर, असं म्हणाले.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी भीती शोधली तिच्या चेहऱ्यावर, आणि ती नव्हती. शर्यत जिंकली त्या दिवशी मॉटच्या गळ्यात हात टाकून उभी होती, तशी दिसत होती. गालांवर धुक्याचं पाणी, डोळे लकाकत होते.

"आई," ती म्हणाली, "आपण टोकाला नव्हतोच गं. केवढी मोठी आहे आपली रांग!"

मग तिने पलीकडे तोंड केलं आणि ओ दिली. अख्ख्या दरीला ऐकू गेली. धुकं पुन्हा दाटलं आणि ती दिसेनाशी झाली. खाली शांत झालं, सगळे हजर असल्यावर होतं तसं, आणि मेंढरं चालायला लागली.

७

नंतर हेलिकॉप्टर आलं, डोंगरावरून माणसं उतरवणारी मंडळी दोर घेऊन आली, कड्याचा प्रत्येक कोपरा त्यांनी पाहिला. तिचं एक बटणसुद्धा सापडलं नाही. त्यांच्यातल्या एका पोराने मला अडखळत सांगितलं की बाई, असं सहसा होत नाही. मी त्याला चहा दिला.

लोक पाठीमागे म्हणतात की मेनिरने गर्वापायी पोर घालवली. म्हणोत. रात्री मला झोप येत नाही, तिची ताटली मी अजून मांडते आणि मग उचलते, हे त्यांना माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. मेंढरं आता धारेवर ओळीने उभी राहत नाहीत. आपल्या तुकड्यावर चरतात, कोकरांना जुन्या जागा शिकवतात. हावोद जिथल्या तिथे आहे.

या जुलैत लोकर कातरायची वेळ आली. गोरोन्वी रांग लावताना खाली बघत म्हणाला, "एल्वेद, यंदा धारेवर तू जा."

"वरची जागा रिकामी नाही," मी म्हणाले, आणि एल्वेदच्या वर जाऊन उभी राहिले, धारेच्या एक जागा खाली. कोणी वाद घातला नाही. माझ्याशी तसाही कोणी घालत नाही.

धुकं होतं. हाक चढत आली. एल्वेदने दिली. मी माझी दिली आणि वर बघत उभी राहिले. शांतता झाली, आणि ती लांबत गेली. रांग निघाली नाही. एकही पाऊल वाजलं नाही. म्हणजे खालचेही सगळे वाट बघत होते.

मग धारेवरून हाक आली. स्वच्छ, खणखणीत, मुळीच थरथर नाही. जरा घाईची, कामात असलेल्या माणसाची. तिच्यामागून तिच्या वरची आली, मग त्याच्या वरची, अशा एकामागून एक, लांब लांब जात, ऐकू येईनाशा होईपर्यंत.

मी ओ दिली. जेवढी छाती होती तेवढी लावून दिली.

खाली वळून पाहिलं तर एल्वेद माझ्याजवळ चढून आला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती, कबरीपाशी धरतात तशी.

"टोपी घाल," मी त्याला म्हणाले. "पोर कामावर आहे."